माती द्यायला थांबलेला

पोटच्या पोराला आई जसं काम सांगते, तसं दुरोसिन्मीच्या आईने त्याचं नाव ठेवलं होतं. थांब, मला माती दे, मग जा. एवढं सगळं त्या एका नावात बसतं. त्याच्या आधीची तीन पोरं आली तशी गेली होती. पहिलं आठव्या दिवशी नाव ठेवायच्या आत, दुसरं दात येताना, तिसरं भिंत धरून चालायला लागल्यावर. तिसऱ्याला पुरताना बापाने त्याच्या डाव्या कानाची पाळी कातरली आणि म्हणाला, "आता परत ये. वळखतो का न्हाई बग." मग हा झाला. याच्या डाव्या पाळीला खाच. आई म्हणायची, पोटातनंच घेऊन आलाय. सुईण म्हणायची, नाळ कापताना माझं पातं घसरलं. गावाने आईचं ऐकलं.

तसल्या येत्या-जात्या पोरांचे तिकडे, जन्माच्या पलीकडे, सोबती असतात. 'जरा जाऊन येतो' म्हणून पोर त्यांना सांगून आलेलं असतं, आणि ते वाट बघत बसलेले असतात. दुरोसिन्मी सहा-सात वर्षांचा असताना ऐन दुपारी उभ्या-उभ्या पडायचा. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. मग आई आळीतली पोरं गोळा करून त्यांना उसाची कांडकी आणि तेलातली चवळी खायला घालायची, म्हणजे सोबत्यांचंही तोंड बंद व्हावं. अकरा पोरं बोलावली की पंगतीला बारा बसलेली असायची. आई दोनदा मोजायची, कुणाकडे बोट न करता बाराव्यापुढेही मूठभर चवळी टाकायची. पायात त्याला लोखंडाचं वाळं घातलेलं होतं, वाळ्याला तीन घुंगरं. लोखंड वाजलं की त्या लोकांना सोसत नाही म्हणतात. बारा वर्षांचा होईस्तोवर दुरोसिन्मी चालला की बकरी चालल्यागत वाजायचं.

ते सगळं मागं पडलं. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा होता, आणि इबादानच्या उत्तरेला मोनियाच्या अंगाला मोडक्या गाड्यांचा जो अड्डा आहे, तिथला सगळ्यात जुना रेवायर होता. इंजिनवाले वेगळे, पत्रेवाले वेगळे, आणि गाडीतल्या वायरी बघणारे रेवायर वेगळे. दुरोसिन्मीचा हात असा, की वायर धरली की तो ती बोटांनी वाचत जायचा. "डोळ्यानं वायर दिसती, कळत न्हाई. बोट फिरव," असं तो शिकाऊ लोकांना सांगायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरल्याशिवाय त्याने कधी कुणाच्या गाडीचा पार्ट बदलला नाही.

भीती म्हणून त्याला ठाऊक नव्हती. विटांवर चढवलेल्या गाडीखाली तो खुशाल आडवा व्हायचा. एकदा तोंडापुढे बॅटरी फुटली, शर्टाची चाळण झाली, अंगाला ओरखडा नाही. लोक ओरडले तर म्हणाला, "इया जिती हाय तवर मला काय हुतंय? माजं काम अजून बाकी हाय." इया म्हणजे त्याची आई. ती पाऊणशे किलोमीटरवर आबा-ओगीदीला राहायची, आणि पंचाऐंशीच्या पुढची असूनही शेंगबिया आंबवून त्याचा इरू करून विकायची. त्या इरूचा वास असा, की म्हातारी बाजारातून निघाली की बाजाराला कळायचं.

गावाकडून येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला दुरोसिन्मी विचारायचा, "इया कशी हाय? जेवती का? खोकती का?" लोक म्हणायचे, काय मायेचा लेक आहे! त्याची बायको रफातू अड्ड्याच्या तोंडाशी पानात बांधून वाफवलेलं चवळीच्या पिठाचं मोईमोई विकत बसायची. तिने एकदा पान गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "आवो, ह्यी काळजी आईची करताय का सोताची?" त्या दिवशी दुरोसिन्मी जेवला नाही.

त्याची गाडी म्हणजे एक जुनी पिजो. सोळा वर्षांपूर्वी एका पेन्शनीत गेलेल्या शाळा-तपासनिसाकडून घेतलेली, आणि त्याच्याही आधी तीन मालक करून आलेली. चालू व्हायची, दहा-पंधरा किलोमीटर जायची, भर रस्त्यात श्वास सोडायची. तासाभराने आपण होऊन परत धडधडायला लागायची. पहिल्यांदा इयाला तिच्यात बसवून नेलं तेव्हा वाटेत दोनदा मेली. इयाने तिच्या पत्र्यावर हात फिरवला. म्हणाली, "ह्यी बी तसलीच हाय रं. येती आन् जाती. ऱ्हाऊ दे, इकू नगंस. हिच्यातनंच येशील मला माती द्याय."

त्या बकरी ईदीला इया चार दिवस लेकाकडे येऊन गेली. ती गेल्यावर आठवडा-दीड आठवडा झाला, आणि गाडीत आवाज सुरू झाला.

खड्डा आला की बारीक किणकिण. गाडी थांबवली की बंद. दुरोसिन्मीने सीटखाली पाहिलं, डिकी रिकामी केली, दारं हलवून पाहिली. बॉनेट उघडून बघायचं तेवढं राहिलं. दुसऱ्या कुणाच्या गाडीत असं वाजलं असतं तर पाच मिनिटांत त्याने काय ते बाहेर काढलं असतं. पण हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. असा तोच वाजायचा, लहानपणी. त्याला वाटलं, आपला आवाज घेऊन कुणीतरी आपल्यालाच न्यायला आलंय. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. गाडी कडुनिंबाखाली उभी केली आणि आठ दिवस तिला हात लावला नाही.

नवव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मुरैना आला. हा त्याच्या चुलत्याचा नातू, गावाकडचा. कसाव्याच्या ट्रकवर बसून आला होता, अंगभर माती. त्या वर्षी पेट्रोल मिळत नव्हतं. जमिनीखाली तेलच तेल, आणि वर पंपापंपावर माणसं गाडीत झोपून तीन-तीन दिवस रांगेला. बसगाड्या बंद होत्या, मोटारसायकली बंद होत्या.

"दादा," मुरैना म्हणाला, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

टोपी काढलेली पाहून दुरोसिन्मीला कळलं. "कवा?"

"पाटंच्या नमाजाला उठली न्हाई."

पहिला विचार आईचा यायला हवा होता. आला तो असा: आता काम करायची वेळ आली. मग त्या विचाराची लाज वाटली, आणि त्याने हातातली पक्कड विनाकारण फडक्याने पुसली.

"माती कवा देनार?"

"दुपारच्या नमाजामागं. दोनला. इमाम कुनासाठी थांबाय तयार न्हाईत. मढं ताटकळत ठेवायचं नसतं म्हनले. लोक म्हनाले, आवो इमामसाब, तेच्या नावातच हाय. तेच्याबिगर कशी माती देनार? तर म्हनले, ते नाव अल्लानं ठेवलंय का तुमी?"

"तू आलास तो ट्रक कुटं हाय?"

"त्यो म्होरं लागोसला गेला. मला हितं उतरवलं."

रस्ता दोन तासांचा. म्हणजे बारापर्यंत निघायला हवं. अड्ड्यावर चाळीस-पन्नास गाड्या होत्या, पण चालणारी गाडी फिटरच्या अड्ड्यावर कशाला येईल? कुणाला इंजिन नाही, कुणाला चाकं नाहीत, आणि ज्या दोन-तीन धड होत्या त्यांचा गिअरबॉक्स उघडून पाटावर मांडलेला. रफातूने मोईमोईचं पातेलं शेजारणीच्या हवाली केलं, घरी जाऊन डोक्याला कोरा फडका बांधून आली, आणि येताना खाटेखालचा पेट्रोलचा डबा घेऊन आली. तो दहा लिटरचा डबा दुरोसिन्मीने दोन महिने जपून ठेवला होता. कशासाठी, ते तिने विचारलं नव्हतं.

"इयांनी म्हनलंतं ना हिच्यातनंच या," ती म्हणाली. "मंग वता."

तेल ओतलं. दुरोसिन्मी सीटवर बसला, किल्ली फिरवली. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही. आणि त्या खरखरीच्या खाली, अगदी बारीक, किण्. त्याने किल्लीवरचा हात काढून घेतला.

शेजारच्या छपरातला लामिदी दात काढत बाहेर आला. हा इंजिनवाला, दहा-बारा वर्षांनी लहान, तोंडाचा फाटका. "आरं द्येवा! रेवायरच्या गाडीला करंट न्हाई? आता जगानं कुनाकडं बगायचं, बाबा?"

"लामिदी," रफातू म्हणाली, "इया गेल्या."

 लामिदीने कमरेला खोचलेलं फडकं काढून हात पुसले आणि बॉनेट वर केलं.

हॉर्न दाबून पाहिला तर असा वाजला की कोंबड्या उडाल्या, म्हणजे बॅटरी भक्कम. कार्ब्युरेटरचा पाइप काढून पाहिला, तेल येत होतं. मग लामिदीने पहिला प्लग काढला, वायर जोडून इंजिनाच्या पत्र्याला टेकवला. "मारा सेल्फ."

खर्रर्र.

"परत मारा." लामिदी वाकून बघत राहिला. "ठिनगी न्हाई. काजव्याएवडी बी न्हाई. माजं काम सपलं, बाबा. तेल हाय, हवा हाय, करंट न्हाई. हितनं म्होरं तुमचं राज्य."

दुरोसिन्मी उतरला. वायर कॉइलपासून सुरू करायची, हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्याने कॉइलच्या मागे बोटं घालायला हात नेला, मनगट पत्र्याला घासलं, आणि आत कुठेतरी किण् झालं. त्याने हात असा मागे घेतला जणू विंचू चावला.

"काय झालं?"

"काय न्हाई. पाइंट खराब झालं असतील."

आणि मग त्या माणसाने जन्मात न केलेली गोष्ट केली. बोट न फिरवता पार्ट बदलायला लागला. पॉइंट घासले, सेल्फ मारला, नाही. कंडेन्सर बदलला, नाही. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण बदललं, आतला रोटर बदलला, प्लगच्या चारही वायरी दुसऱ्या घातल्या. लामिदी आणि मुरैना नुसते बघत राहिले. तीस वर्षं ज्या माणसाने शिकाऊ लोकांच्या डोक्यात टपला मारून पार्ट बदलू दिले नाहीत, तो माणूस भाजी निवडल्यासारखा डब्यातून पार्ट काढत होता आणि टाकत होता.  साडेदहा झाले.

"बाबा, कॉइल बगितली का?" लामिदीने हळूच विचारलं.

"बगितली."

"मागच्या अंगानं?"

"लामिदी, तुला शिकीवलं कुनी? तू इंजिन बग."

खरं तर त्याने कॉइलला येणाऱ्या वायरीला तेवढा दिवा लावून पाहिला होता, समोरच्या अंगाला, जिथे हात आत घालावा लागत नाही. दिवा लागला होता. तेवढ्यावर त्याने स्वतःची समजूत घातली. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं, असं त्याला वाटत होतं. आत बारावं पोर बसलं होतं. त्याला गाडी चालू नको होती, कारण गाडी चालू झाली की आईला माती, आणि आईला माती दिली की त्याच्या नावातलं काम संपलं. संपलेल्या माणसाला कोण ठेवून घेतं? एक मन म्हणत होतं, दोनच्या आत पोचलो नाही तर आई उघड्या खड्ड्यात माझी वाट बघेल. दुसरं मन म्हणत होतं, बघू दे की. वाट बघत राहिली तर बरं.

"धक्का मारू," तो म्हणाला.

अड्डा गोळा झाला. पत्रेवाले, टायरवाले, हाताला ओला रंग लागलेले दोन रंगवाले. चौदा जणांनी पिजोला खांदे लावले. मुरैनाला हँडलवर बसवलं, शेजारी रफातू. उतारावरून गाडी सुटली, मुरैनाने क्लच सोडला, गाडीने आचके दिले, नाक खुपसून उभी राहिली. परत मागे ढकलत आणली, परत सोडली. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, "ह्यी जिवंत असल्यागत वाटत न्हाई, हिला बी न्हिऊन पुरा," आणि आपण कुठे बोललो ते कळून गप बसलं. पावणेबारा होत आले.

रफातू दार उघडून खाली उतरली. मान तिरकी करून उभी राहिली.

"आवो, म्होरल्या अंगाला काय वाजतंय?"

दुरोसिन्मी गाडीच्या मागे वाकून धापा टाकत होता. तो सरळ झाला. "काय म्हनलीस?"

"घुंगरू वाजल्यागत. आचका बसला की वाजतंय."

"तुला ऐकाय आलं?"

"मग? मी काय भैरी हाय?"

"मला बी आलं की," मुरैना म्हणाला. "तीनी बारीला आलं. मला वाटलं काय तरी नट सुटलाय."

दुरोसिन्मी तिथेच उभा राहिला. सोबत्यांचा आवाज ज्याचा त्यालाच ऐकू येतो. बायकोला येत नाही, पुतण्याला येत नाही. रफातूला येतोय म्हणजे ती वाजणारी वस्तू आहे, आणि वस्तू असेल तर ती बोटाला लागेल. इतके दिवस एकट्याने उरावर धरलेलं ओझं बायकोच्या एका 'भैरी हाय का' मध्ये खाली आलं. त्याला रडायला आलं की हसायला, ते लामिदीलाही कळलं नाही.

तो पुढे आला, बाही वर सारली आणि हात घातला. कॉइलला तळवा लागला. कॉइल तापाच्या पोराच्या कपाळासारखी पेटली होती. म्हणजे करंट येतोय. भरपूर येतोय, आणि तुटायला पाहिजे तिथे तुटत नाही, मधूनच कुठेतरी पत्र्यात उतरून जमिनीला चाललाय. एवढं कळायला त्याला तीन तास लागले होते. त्याने बारकी वायर बोटात धरली आणि वाचत गेला. कॉइलच्या पाठीमागे, पत्र्याच्या खोबणीत, काळ्या ग्रीसच्या लगद्यात काहीतरी वाटोळं होतं. थंड नव्हतं, तेही तापलेलं. एका अंगाने कॉइलच्या खिळ्याला टेकलेलं, दुसऱ्या अंगाने गाडीच्या अंगाला.

त्याने दुसऱ्या हाताने पक्कड घेऊन काळा दोरा तोडला आणि ते बाहेर काढलं.

लोखंडाचं वाळं. त्याला तीन घुंगरं, आणि गुंडाळलेल्या निळ्या कापडाची करपलेली चिंधी; कापड करपलं तसं लोखंड उघडं पडलं होतं. वाळं एवढं लहान, की त्याची चारच बोटं आत गेली.

 मग रफातू म्हणाली, "ईदीच्या दिशी इया म्हनल्या हुत्या, दुरो, ह्या पोरीचं प्वाट उगड, मला बगू दे. तुमी बॉनेट उगडलं आन् बोकड कापाय गेला. मागनं मी बगितलं तर इया साबनानं हात धूत हुत्या. कोपरापतुर काळं. मी म्हनलं, काय केलंसा? तर म्हनल्या, लेकराला बांदून ठिवलं."

"गाडीला?" लामिदीने विचारलं.

"मला काय ठावं? लेकराला म्हनल्या."

गाडीला बांधलं की त्याला, हे सांगणारी आबा-ओगीदीला पांढऱ्या कापडात पडली होती. येते आणि जाते म्हणून तिने गाडीच्या पायात वाळं घातलं असेल, किंवा आपण आता जाणार हे कळून लेकालाच इथे अडकवून ठेवलं असेल, की माझ्या मातीला येऊ नकोस, आलास की संपलास. दुरोसिन्मी वाळं हातात घेऊन उभा. परत होतं तिथे ठेवलं तर गाडी जागची हलत नव्हती. खिशात घातलं तर हलत होती.

"बाबा," लामिदी म्हणाला, "बाराला धा कमी हायती. काय ते ठरवा."

दुरोसिन्मीने वाळं रफातूच्या हातात दिलं. तिने ते कमरेच्या वेढ्यात खोचलं. "चला," ती म्हणाली, "माज्या सासूला मी बी वळखते. जिती असती तर येळ केला म्हनून शिव्या दिल्या असत्या."

दुसऱ्या सेल्फला पिजोने पेट घेतला. अड्डा ओरडला, मग मयताची गाडी आहे हे आठवून गप झाला.

सोळा वर्षांत त्या गाडीने असा रस्ता कधी तोडला नव्हता. एकदाही आचका नाही, एकदाही श्वास सोडला नाही. चौकीवरच्या पोलिसाने सवयीने हात केला, रफातूच्या डोक्यावरचा कोरा फडका पाहून मागे सरकला. मागे बसलेला मुरैना खूश, "काय पळतीया दादा!" दुरोसिन्मी मात्र हँडल घट्ट धरून बसला होता. खड्डा आला की त्याचे कान आपोआप टवकारायचे, आणि काही वाजायचं नाही. वाजत होतं तेव्हा भीती होती. आता वाजत नव्हतं तर वाटत होतं, कुणीतरी मागून एकसारखं ढकलतंय, म्हणून ही एवढी सरळ चाललीय.

पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते. नमाज झाली होती. घराच्या मागे पपईच्या झाडाशेजारी खड्डा, आणि म्हातारी खड्ड्यात उतरलेली. इमाम हाताची घडी घालून, तोंड कडू करून उभा. माती ओढणारे तिघे जण खोऱ्याचा दांडा हातात घेऊन काथ्याकूट करत होते.

"दांडा निसटला," एक जण म्हणाला.

"तिसऱ्यांदा," इमाम म्हणाला. "त्याच्या आदी ह्याच्या पोटात कळ आली. त्याच्या आदी त्यो पानी प्याय गेला, त्यो विहिरीतच पडला का काय! सगळं गाव आज अपंग झालंय." मग त्याने दुरोसिन्मीकडे पाहिलं, आणि घडी सोडली. "ये बाबा. घाल माती. म्हंजी ह्यांचे दांडे बसतील."

तीन मुठी घालायच्या असतात. दुरोसिन्मीने पहिली घातली, दुसरी घातली. तिसरी मूठ हातात घेतली आणि तसाच राहिला. सगळं गाव बघत होतं. गावात त्याच्या नावाचा अर्थ कळत नाही असं शेळी-कुत्र्याखेरीज कुणी नव्हतं. मुरैना आणि दुसरा एक दणकट गडी हळूच येऊन त्याच्या पाठीमागे उभे राहिले, हात अर्धे पुढे करून. पडला तर झेलायला. दुरोसिन्मीला त्यांचे श्वास मानेवर लागले.

त्याने मूठ उघडली.

माती पडली. पपईवरचा कावळा उडाला. बाकी काही झालं नाही. खोऱ्यांचे दांडे एकदम नीट बसले आणि तिघांनी भराभर खड्डा बुजवला. मागच्या दोघांनी हात खाली घेतले. जरा हिरमुसलेच, म्हटलं तरी चालेल.

इयाची धाकटी बहीण पडवीत पाय पसरून बसली होती. डोळ्यांनी अधू, जिभेने नाही. दुरोसिन्मी तिच्या पायाशी जाऊन बसला तशी तिने त्याचं डोकं चाचपलं, कानाच्या खाचेत अंगठा फिरवला.

"हाईस का अजून?"

"हाय, मावशी."

"आता काय करनार?"

"काय म्हाईत."

"मला इचारू नगंस. माज्या मातीला माजी पोरं हायती. तू दुसरं काम बग."

आठ दिवस तो गावात राहिला. आठव्या दिवसाचा दुवा झाला, भात-मटण झालं, तरी कुणी न्यायला आलं नाही. नवव्या दिवशी पिजो घेऊन परत आला. रफातूने ते वाळं कुठे ठेवलं, त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

अड्ड्यावर मात्र तो काम करेना. बाकावर बसायचा, गुडघ्यावर हात ठेवून, स्टँडवर शेवटची बस निघून गेल्यावर माणूस बसतो तसा. विटांवरच्या गाडीखाली जायचं तर नावच नको. पंधरा दिवस हे चाललं. मग एके सकाळी लामिदी त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"बाबा, तुमचं नाव काय?"

"लामिदी, जा."

"सांगा की."

"दुरोसिन्मी."

"म्हंजी काय?"

दुरोसिन्मीने त्याच्याकडे पाहिलं.

"थांब, मला माती दे," लामिदीच म्हणाला. "आता ह्ये इयाच म्हनत हुती का? मी बी तेच म्हनतूय की रोज. दिसातनं धा डाव. बाबा दुरोसिन्मी, पक्कड द्या. बाबा दुरोसिन्मी, जेवाय चला. म्हंजी माजी माती हाय तुमच्यावर. ह्या समद्या अड्ड्याची हाय. उटा, त्या डटसनचा दिवा लागत न्हाई."

लामिदीने ते चेष्टेत म्हटलं होतं. हसला पण कुणी नाही, आणि दुरोसिन्मी उठला. डटसनच्या दिव्याची वायर हातात घेऊन बोट फिरवायला लागला. अड्ड्याला वाटलं, चला, सुटला.

त्याला चार वर्षं झाली. दुरोसिन्मी अजून आहे, हात पूर्वीसारखाच. पण लामिदीचं ते बोलणं त्याच्या आत कुठे जाऊन बसलं ते लामिदीलाही माहीत नाही. तेव्हापासून कुणी नाव घेऊन हाक मारली की ती माती मागणाऱ्याची हाक वाटते, आणि तो तोंड बघितल्याशिवाय ओ देत नाही. समोरून मारली तर ठीक. मागून मारली तर हातातली वायर तशीच धरतो आणि न वळता विचारतो, "कोन?" हाक मारणाऱ्याने आपलं नाव सांगायचं. मग तो वळतो, त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत बघतो, आणि मग कामाचं विचारतो. नवीन गिऱ्हाइकांना राग येतो. रफातूसुद्धा आता घरात आधी "मी रफातू" म्हणते आणि मग त्याला हाक मारते.

अड्ड्यात दिवसभर पत्रा बडवणं चालू असतं, चार दिशांनी चार जण ओरडत असतात. त्यात कधीकधी दुरोसिन्मी मधेच थांबतो. कुणी हाक मारलेली नसते. लामिदी समोर असतो, बाकीचे आपापल्या कामात. तो न वळता विचारतो, "कोन?" आई पंगत मोजायची तसा थोडा वेळ कान देऊन थांबतो. मग परत विचारतो, जरा हळू आवाजात, "किती जन हायसा?"